दवंडी आणि शिधा

गावात दवंडी दिली जात असे, त्या काळी तिला एक शिस्त होती. हलगीवर टिपरू पडले की चावडीपासून वेशीपर्यंत हातातली कामे थांबत. दवंडी देणारा माणूस गावाच्या ओळखीचा असे. ती कोणाच्या हुकमाने दिली जात आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे जमायचे, हे तो पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकी. सांगितलेले खोटे ठरले, तर जाब विचारायला तो दुसऱ्या दिवशी गावातच सापडत असे. आज प्रत्येकाच्या खिशात एक हलगी आली आहे. तिचा आवाज क्षणार्धात कोल्हापूरहून कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचतो. मात्र दवंडी देणारा कोण, हुकूम कोणाचा आणि दिवस कोणता, या तिन्ही गोष्टी त्या आवाजातून गळून पडल्या आहेत. एरवी यामुळे फारसे बिघडत नाही. भुकेल्या माणसापर्यंत अन्न पोहोचवायचे असते, तेव्हा मात्र फार बिघडते.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. शहरात दूध मिळेना, पेट्रोल मिळेना. चहूकडे पाणीच पाणी असताना उपसा केंद्रे बुडाल्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना पाण्याने वेढले. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांनी नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर या परिसराची बेटे करून टाकली. माणसे माळ्यावर आणि गच्चीवर चढून बसली. अनेकांनी घर सोडण्यास नकार दिला, कारण गोठ्यात म्हैस होती. दावणीचे जनावर सोडून जीव वाचवायचा, हा विचार या मातीतल्या शेतकऱ्याला पटत नाही. शहरात बसून त्याला दोष देणे सोपे असते.

पुढे जे घडले ते महाराष्ट्राच्या समाजमनाला भूषणावह होते. मदतीच्या गाड्या राज्याच्या कानाकोपऱ्यातून निघाल्या. पाणी न आलेल्या गावांतून घरटी भाकऱ्या गोळा झाल्या, मंगल कार्यालयांच्या भटारखान्यांत रात्रंदिवस चुली पेटल्या आणि तालमी-मंडळांची पोरे कमरेइतक्या पाण्यातून पातेली वाहून नेऊ लागली. दातृत्वात कोणीही कमी पडले नाही. तरीही त्याच दिवसांत दोन चित्रे शेजारी शेजारी दिसत होती. रस्त्यालगतच्या गावांत बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि जुन्या कपड्यांचे ढीग साचत होते, शिजवलेले अन्न आंबून टाकून द्यावे लागत होते. आतल्या गावांतील आणि मळ्यांतील वस्त्यांवर मात्र दिवसदिवस काहीच पोहोचत नव्हते. जुने कपडे आता पाठवू नका, असे जाहीर आवाहन करण्याची वेळ आली. अन्न होते, वाहने होती, हातही होते. कुठे, काय, किती आणि केव्हा या चार प्रश्नांचे खात्रीचे उत्तर मात्र कोणाजवळ नव्हते.

हे उत्तर मिळवणे, पडताळणे आणि योग्य कानापर्यंत पोहोचवणे हेही सेवाकार्य आहे. भाकरी थापणे किंवा होडी वल्हवणे यांच्याच तोडीचे हे काम आहे, पण ते तसे मानले जात नाही. सेवेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या मनात या कामाविषयी एक जुना संकोच आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. प्रसिद्धीपराङ्मुखता हा कार्यकर्त्याचा गुण मानला गेला. डाव्या हाताने दिलेले उजव्याला कळू नये, हा संस्कार शाखेवर आणि घरीही झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात जनकल्याण समिती उभी राहिली, तेव्हापासून नाव न लावता काम करून परत जाण्यात धन्यता मानणाऱ्यांच्या पिढ्या घडल्या. अशा माणसाला 'तुम्ही आज मोबाइल घेऊन बसा आणि संदेश लिहा' असे सांगितले, तर आपल्याला कमी प्रतीचे, किंबहुना थोडे लाजिरवाणे काम दिले, असे त्याला वाटते. दुसरीकडे वीस-बावीस वर्षांच्या मुलांना हेच काम फार सोपे वाटते. छायाचित्र काढले, चार ओळी लिहिल्या, पुढे पाठवले की सेवा झाली. संकोच करणारा ज्येष्ठ आणि उत्साही तरुण या दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होते. प्रसिद्धी आणि माहिती या दोन गोष्टी दोघेही एकच समजतात.

प्रसिद्धी ही देणाऱ्याची असते. माहिती ही घेणाऱ्याच्या उपयोगाची असते. 'अमुक मंडळाकडून पूरग्रस्तांना अन्नवाटप' ही प्रसिद्धी झाली. 'कुरुंदवाडच्या अमुक शाळेत आज दुपारी बारा ते दोन जेवण मिळेल, लहान मुलांसाठी दूध आहे, येताना भांडे आणावे' ही माहिती झाली. पहिलीपासून दूर राहणारा कार्यकर्ता प्रशंसेला पात्र आहे. दुसरीपासून दूर राहणारा मात्र भुकेल्या माणसाचे नुकसान करतो.

महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. १८९६ साली मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा सरकारच्या दप्तरात दुष्काळनिवारणाची एक संहिता तयार होती. पीक बुडाले तर साऱ्याची सूट किंवा तहकुबी, मजुरीची कामे, अपंगांना फुकट मदत अशा तरतुदी तिच्यात होत्या. परंतु ती इंग्रजीत होती आणि ज्या कुणब्यासाठी ती केली होती त्याला तिचा पत्ताच नव्हता. लोकमान्य टिळकांनी ही संहिता 'केसरी'तून मराठीत समजावून सांगितली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने माहितीपत्रके छापली आणि कार्यकर्ते गावोगाव पाठवले. ते सभा भरवत, कायद्याने काय मिळू शकते ते सांगत आणि कुठे पीक किती बुडाले याची माहिती गोळा करून पुण्याला कळवत. ते धान्याचे एक पोतेही बरोबर नेत नसत. त्यांच्याजवळ होती ती केवळ माहिती. पण सरकारला ती धान्याच्या पोत्याहून अधिक अवघड वाटली. काही कार्यकर्त्यांवर खटले भरले गेले आणि १८९७ च्या मार्चमध्ये सार्वजनिक सभेची सरकारदरबारची मान्यताच काढून घेण्यात आली. टिळकांनी पुण्यात स्वस्त धान्याची दुकानेही काढली, म्हणजे अन्न आणि बातमी ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. एक मोठे आणि दुसरे धाकटे, असा भेद त्यांनी केला नाही.

त्याच वर्षांत इकडे करवीर संस्थानात तरुण छत्रपती शाहू महाराजांनी दुष्काळाचा सामना वेगळ्या मार्गाने केला. राज्याधिकार हाती येऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. स्वस्त धान्याची दुकाने उघडली गेली, दुष्काळी कामे काढली गेली, निराधारांच्या आश्रयाची सोय झाली. विशेष हे की महाराज स्वतः दौऱ्यावर निघाले आणि कागदावर आलेला अहवाल डोळ्यांनी पाहिलेल्या स्थितीशी ताडून घेतला. राज्यकर्ताच बातमीची खातरजमा करायला घोड्यावरून निघतो, तेव्हा मामलेदाराला खोटा अहवाल पाठवण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो. पुण्याचा मार्ग कायद्याची माहिती रयतेपर्यंत नेण्याचा होता, कोल्हापूरचा मार्ग रयतेची स्थिती राजापर्यंत आणण्याचा होता. मदतकार्यातील संवाद या दोन्ही दिशांनी वाहावा लागतो, आणि समाजमाध्यमांवर आज दुसरी दिशा जवळपास कोरडी पडली आहे.

आता कामाच्या तपशिलाकडे वळावे, कारण खरी कसोटी तिथेच लागते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ आहे आणि शिरोलीही आहे. पहिले पूर्वेकडचे तालुक्याचे ठिकाण, दुसरे महामार्गावरचे पुलाची शिरोली. चिखली म्हटले तर प्रयाग चिखली करवीर तालुक्यात आहे आणि त्याच नावाचे गाव कागल तालुक्यातही आहे. शिरोळ तालुक्यात राजापूर आहे, राजापूरवाडी आहे, शिवाय कोकणातला राजापूर तर सर्वांना ठाऊकच आहे. कवठेगुलंद आणि कवठेसार हे दोन्ही शिरोळ तालुक्यात आणि कवठेपिरान सांगलीकडे. स्थानिक माणसाला यात काहीच गोंधळ वाटत नाही. ठाण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या चालकाला मात्र संदेशात केवळ 'चिखलीला अन्नाची गरज' एवढेच लिहिलेले असेल, तर त्याने जायचे कुठे? एका शब्दाच्या आळसापायी गाडी चाळीस किलोमीटर चुकते आणि पुराच्या दिवसांत चाळीस किलोमीटर म्हणजे कधी कधी संपूर्ण दिवस असतो. गावाचे पूर्ण नाव, तालुका, कोणत्या बाजूने रस्ता चालू आहे आणि तिथे गाडी उतरवून घेणारा जबाबदार माणूस कोण, हे लिहिल्याखेरीज संदेश पुढे पाठवू नये.

दिनांक आणि वेळ हा तर याहूनही दुर्लक्षित विषय आहे. 'आत्ताच निरोप आला आहे' या शब्दांनी सुरू होणारा संदेश चार दिवसांनंतरही 'आत्ताच' आलेला असतो. मंगळवारी एखाद्या छावणीत खरोखरच पाचशे माणसे उपाशी असतात, बुधवारी दुपारपर्यंत तिथे दोन हजारांचे जेवण येऊन पडते, पण मंगळवारचा संदेश शनिवारीही फिरत राहतो. गरज भागली, आता नको, हे सांगणारा दुसरा संदेश कोणी लिहीत नाही, लिहिला तर कोणी पुढे पाठवत नाही, कारण त्यात थरार नसतो. खरे तर संवादाचे काम करणाऱ्या स्वयंसेवकाची पारख या दुसऱ्या संदेशावरूनच करावी. पहिला संदेश भावनेच्या भरात कोणीही लिहितो.

तिसरा प्रश्न परिमाणाचा. 'मदतीची नितांत आवश्यकता' या शब्दांतून किती पोती भरायची ते कळत नाही. जगभरच्या मदतकार्यात माणशी दिवसाला सुमारे २,१०० उष्मांक हे प्रमाण धरले जाते. त्याचा शिधा साधारणपणे ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि त्याच्या जोडीला साखर, मीठ, थोडे सत्त्वयुक्त पीठ असा बसतो. पाचशे माणसांच्या वस्तीचा आठवड्याचा हिशोब मांडला तर १४ क्विंटल धान्य, दोन क्विंटलांहून किंचित अधिक डाळ आणि ८७-८८ किलो तेल होते. एक मध्यम आकाराचा टेम्पो पुरेसा आहे. हा आकडा संदेशात असेल तर इचलकरंजीचा किंवा जयसिंगपूरचा एखादा व्यापारी एका फोनवर ते काम करून टाकील. आकडा नसेल तर पाच ठिकाणांहून पाच ट्रक निघतील आणि त्यांत तेलाचा डबा एकही नसेल.

या हिशोबाला काळाचीही जोड हवी. घर पाण्यात असताना शिधा निरुपयोगी असतो, कारण चूल बुडालेली असते आणि सिलिंडर वाहून गेलेला असतो. त्या तीन-चार दिवसांत शिजवलेले अन्नच लागते, तेही टिकणारे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली मऊ चपाती दमट हवेत दुसऱ्या दिवशी हातात धरवत नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरमुरे, भडंग हे टिकते. आजीबाईंचे हे शहाणपण मदतीच्या याद्या करणाऱ्या तरुण मुलांना सांगायला कोणीतरी पाहिजे. पाणी ओसरले आणि माणसे चिखल उपसायला घरी परतली, की शिध्याची गरज सुरू होते. नेमकी तेव्हाच वाहिन्यांचे कॅमेरे आणि मोबाइलवरचे संदेश दुसरीकडे वळलेले असतात. गोठ्यातल्या जनावरांच्या वैरणीचा उल्लेख तर बहुतेक याद्यांत नसतोच. म्हैस वाचली तर घराची रोजची मिळकत वाचते, हे शहरातून मदत पाठवणाऱ्याला कसे कळावे? ते त्याला कळवणे हेच संवाद कार्यकर्त्याचे काम.

अफवांविषयी वेगळे लिहावे लागेल, तूर्तास एवढेच. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. दरवाजा उघडणे हे धरणाचे नित्याचे काम आहे. समाजमाध्यमांवर मात्र 'दरवाजा उघडला' याचे 'धरण फुटले' व्हायला अर्धा तास पुरतो आणि मग किराणा दुकानांपुढे रांगा लागून ज्याला गरज नाही त्याच्या घरात आठवड्याचा साठा जाऊन पडतो. ज्याच्याजवळ रोजच्या मजुरीपुरतेच पैसे आहेत, तो रिकाम्या हाताने परततो. अफवेची किंमत अशी नेहमी गरिबाच्या ताटातून वसूल होते.

छायाचित्रांचा प्रश्न या सर्वांहून नाजूक आहे. २०१९ च्या पुरात मदतीच्या धान्याच्या पाकिटांवर राज्यकर्त्यांची छबी असलेले स्टिकर झळकले आणि त्यावर सर्व बाजूंनी टीका झाली, ती रास्तच होती. राजकीय पक्षांना बोल लावताना सेवाभावी संस्थांनी स्वतःकडेही पाहावे. पुडा देणारे चार हात, घेणारा एक हात आणि कॅमेऱ्याकडे वळलेल्या नऊ माना, हे छायाचित्र कोणत्या संस्थेच्या संग्रहात नाही? कालपर्यंत स्वतःच्या उसाचे आणि दुधाचे पैसे मोजणारा, पै-पाहुण्यांना पोटभर जेवू घालणारा शेतकरी आज रांगेत उभा आहे. त्याचा हात पुढे आलेला असताना त्याचे छायाचित्र काढून ते त्याच्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचवणे याला सेवा म्हणता येत नाही. रेड क्रॉस चळवळ आणि आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी १९९४ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेत यासाठी एक कलमच आहे. आपद्ग्रस्तांना प्रसिद्धी साहित्यात असहाय वस्तू म्हणून नव्हे, तर प्रतिष्ठा असलेली माणसे म्हणून दाखवावे, असा त्याचा आशय आहे. अन्नदाता हा शब्द या देशात शेतकऱ्यासाठीही वापरतात. ज्याने आयुष्यभर इतरांना पोसले त्याला याचक म्हणून चित्रित करण्याचा अधिकार कोणत्याही मदतकर्त्याला नाही. दाखवायचेच असेल तर रटरटणारे पातेले दाखवावे, गाडीतली पोती दाखवावीत, चिखलातून बाहेर काढलेली शाळा दाखवावी. देणगीदाराला हिशोब हवा असतो आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. त्यासाठी कोणाच्या डोळ्यांतले पाणी टिपायची गरज नसते.

जगाच्या पातळीवर हेच काम किती गांभीर्याने केले जाते ते पाहण्यासारखे आहे. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम १९६१ मध्ये स्थापन झाला, त्याचे मुख्यालय रोममध्ये आहे आणि २०२० चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. या संस्थेत धान्य वाहणारी जहाजे आणि विमाने आहेत, तशीच बातमी वाहणारी माणसेही आहेत. कोणत्या तालुक्यात बाजारभाव चढले, कुठे कुटुंबे दोन वेळांवरून एका वेळेवर आली, याची माहिती सतत गोळा होते आणि त्यावर धान्य कुठे उतरवायचे ते ठरते. सामान्य नागरिकांकडून छोट्या देणग्या घेण्यासाठी मोबाइलवरचे साधन २०१५ पासून चालवले जाते. शब्दकोडी सोडवली की तांदळाचे काही दाणे दान होतात, असा खेळही या कार्यक्रमाकडे आहे. घरबसल्या भाषांतर, लेखन, आरेखन अशी कामे करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी संयुक्त राष्ट्रांची स्वतंत्र व्यवस्था आहे. कोल्हापुरातील एखादी पदवीधर तरुणी राजारामपुरीतल्या घरातून आफ्रिकेतील दुष्काळावरचा मजकूर तपासून देऊ शकते. तिने तो जरूर द्यावा. असे काम स्वीकारताना नियमांचे किती पाठ घ्यावे लागतात, एकेक आकडा कसा दोनदा तपासला जातो, हे ती तिथे शिकेल आणि ते शिक्षण पंचगंगेच्या काठी उपयोगी पडेल.

या जागतिक यंत्रणेकडे पाहताना भारताचे स्थान कसे बदलले हेही नोंदवायला हवे. साठच्या दशकात अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतील गव्हाची जहाजे बंदराला लागण्याची वाट या देशाला पाहावी लागत होती. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले आणि देशाने ते मनावर घेतले. त्या वेळी समाजमाध्यमे नव्हती. आकाशवाणी होती, वृत्तपत्रे होती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणाऱ्याने तो नियम आधी आपल्या घरात पाळला होता. पुढे २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अमृतसरहून भारतीय गव्हाचे ट्रक पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानकडे निघाले. पन्नास हजार टन गहू देण्याचा संकल्प भारताने केला होता आणि तो तिथे वाटण्याचे काम जागतिक अन्न कार्यक्रमाकडे होते. सहा दशकांपूर्वी हात पुढे करावा लागलेल्या देशाने शेजाऱ्याच्या ताटात घास घातला. ही गोष्ट किती मराठी घरांत मुलांना सांगितली गेली?

संकटकाळ सोडून दिला तरी हे काम संपत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली माणशी पाच किलो मोफत धान्य मिळू लागले आणि जानेवारी २०२४ पासून ही मोफत वाटपाची तरतूद पुढील पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. सुमारे ८१ कोटी लोकांना कवेत घेणारी ही व्यवस्था आहे. तरीही शिधापत्रिकेची ई-केवायसी राहिली, बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्राने ओळखले नाही, ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी परगावी आलेल्या कुटुंबाला आपले धान्य इथेही उचलता येते हे माहीतच नाही, अशा कारणांनी एखादे घर मागे राहते. कोल्हापूर जिल्ह्यात दर हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात तोडणी कामगारांच्या खोपी उभ्या राहतात. बीडकडून आलेल्या त्या कुटुंबांना 'एक देश एक शिधापत्रिका' ही सोय त्यांच्या बोलीत, तोंडी, खोपीवर जाऊन सांगणारा कार्यकर्ता हा सार्वजनिक सभेच्या त्या कार्यकर्त्यांचाच वारस ठरतो. त्याला मोबाइल लागेल तो नियम दाखवण्यापुरता. बाकी काम पायांनीच करायचे आहे.

समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या संदेशाची एक मर्यादा इथेच उघड होते. ज्याच्याजवळ चांगला मोबाइल आहे, चार्जिंग आहे आणि बोलता-लिहिता येणारा मुलगा घरात आहे, त्याचीच हाक ऐकू येते. पुरात वीज गेली, मनोरे बंद पडले की सर्वाधिक अडचणीतला माणूस सर्वांत आधी मुका होतो. म्हणून ज्या गावातून एकही संदेश आलेला नाही, त्या गावाची चिंता आधी करावी, असा दंडक घालून घ्यायला हवा. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या वर गेली, त्याच दिवसांत चिपळूण आणि महाडही बुडाले. त्या वेळी महाराष्ट्राचे लक्ष अनेक ठिकाणी विभागले होते. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे गाडी, हा न्याय तेव्हा किती अपुरा पडतो, हे सर्वांनी पाहिले.

तेव्हा पावसाळ्यापूर्वीची तयारी कोणती? शिरोळ, करवीर, हातकणंगले, कागल आणि पन्हाळा या तालुक्यांतील नदीकाठच्या प्रत्येक गावात दोन माणसे निश्चित असावीत, त्यातली एक शक्यतो बाई असावी. तान्ह्या मुलांचे दूध, गरोदर स्त्रीचा आहार, मधुमेही वृद्धांचे पथ्य हे पुरुषांच्या यादीत सहसा येत नाही. त्यांचे दूरध्वनी क्रमांक मे महिन्यात एकदा लावून पाहावेत, कारण गेल्या पुरातील निम्मे क्रमांक आता बदललेले असतात. गावात किती घरे सखल भागात आहेत, किती जनावरे आहेत, उंचावरची शाळा किंवा मंदिर कोणते, तिथे चूल मांडायला जागा आहे का, हे एका वहीत लिहून ठेवावे. वही असा शब्द मुद्दाम वापरला आहे. वीज गेल्यावर वही वाचता येते. जिल्हा प्रशासनाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी आणि तहसीलदार कार्यालयाशी बोलणारा माणूस एकच असावा. दहा संस्थांनी दहा याद्या दिल्या की प्रशासन एकही वाचत नाही. शहरातील तालमी, मंडळे, अन्नछत्रे, गुरुद्वारे, जैन समाजाच्या संस्था, मदरसे, महिला बचत गट जे जे कोणी चूल पेटवणार असतील, त्या सर्वांच्या स्वयंपाकाची माहिती एकाच फळ्यावर यावी. पातेल्यावर कोणाचे नाव आहे, हे त्या फळ्यावर लिहायचे नाही.

ज्या तरुणांना हे काम द्यायचे, त्यांना ते देताना ज्येष्ठांनी जवळ बसावे. तरुणाला यंत्र चालवता येते, ज्येष्ठाला गाव ठाऊक असते. नृसिंहवाडीचा पुजारी फोनवर 'पाणी चढतंय' म्हणाला की 'चढणार आहे' म्हणाला, यातला फरक ज्याला कळतो तो माणूस त्या खोलीत हवा.

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते आणि दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. ही वार्ता सांगलीपासून बेळगावपर्यंत कोणत्याही यंत्रणेशिवाय, घटकाभरात आणि अचूक पोहोचते. दिवस, वेळ, ठिकाण, काहीही चुकत नाही. नदीकाठच्या गावांची वही त्याच दिवशी उघडावी आणि पहिल्या पानावरच्या क्रमांकापासून एकेक फोन लावायला सुरुवात करावी.